एका स्क्रीनवर एकच गोष्ट

माझी मुलगी दानास्त्री हिचा उदरनिर्वाह वाक्ये मोडण्यावर चालतो आणि माझे सारे आयुष्य ती जोडण्यात गेले. ही एक गोष्ट सोडली, तर आम्हा बापलेकीत मतभेदाचे कारण नाही. परंतु ही एक गोष्ट सोडता येत नाही.

सोलो शहरातल्या एका पाठ्यपुस्तकांच्या प्रकाशनगृहात मी निवृत्त होईपर्यंत संपादक होतो. लेखकांनी अर्धवट टाकलेली वाक्ये पूर्ण करणे, आणि 'परंतु', 'यद्यपि', 'म्हणून' या उपेक्षित शब्दांना त्यांच्या योग्य आसनावर बसविणे, हे माझे काम. विचार शब्दांत नसतो, तो शब्दांच्या सांध्यांत असतो, असे माझे मत आहे. हाडे कितीही घासूनपुसून ओळीने मांडली, तरी सांध्यांवाचून माणूस उभा राहत नाही.

दानास्त्री सांधे काढण्याचा धंदा करते. पुर्वोसारी स्थानकामागे एका भाड्याच्या घरात तिची कंपनी आहे. तिथे तरुण मुले-मुली अनवाणी बसून बँकांचे, दवाखान्यांचे, विम्याचे लांबलचक मजकूर घेतात आणि फोनवर वाचता येतील असे त्यांचे घास करतात. समोरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले आहे: एका स्क्रीनवर एकच गोष्ट, एकच बटण. मी दर मंगळवारी तिथे जातो. प्रथम अनाहूत जात असे. पुढे त्याची प्रथा झाली. ते मला कॉफी देतात, मी त्यांचे स्वल्पविराम तपासतो, आणि मी आलो की चांगल्या स्क्रीन माझ्यापासून लपवून ठेवल्या जातात, असा मला दाट संशय आहे.

"माणसाच्या डोक्यात एका वेळी मूठभरच मावतं, पाक," दानास्त्री म्हणे. "तुम्ही पोतं ओतता."

"आणि तू मूठमूठ देऊन त्याला पोतं कधी दाखवतच नाहीस, न्दुक. घरी आलं ते तांदूळ की वाळू, हे त्याला कळायचं कसं?"

हा वाद आम्ही पाक आणि न्दुक, म्हणजे बाप आणि पोर, इतक्या वेळा घातला होता, की कंपनीतली मुले आमच्या वाक्यांच्या शेवटी ओठ हलवीत.

मग तिच्याकडे ते काम आले. लावू पर्वताच्या उतारावर, करांगअन्यारच्या वरच्या अंगाला, ज्येष्ठांसाठी एक निवास बांधलेला आहे. 'वृद्ध' हा शब्द तिथे चालत नाही. चालकांनी पहिल्याच बैठकीत सांगितले होते, की तो शब्द, त्याचे समानार्थी शब्द आणि काठीचे चित्र, यांपैकी काहीही कुठेही दिसता कामा नये. निवासाचा प्रवेश-करार कुणा जुन्या वळणाच्या वकिलाने लिहिलेला होता. तो मी पाहिला नव्हता. दानास्त्रीने त्याचे वर्णन 'पाक, तुम्हाला झोप येणार नाही असं काहीतरी' असे केले होते. त्या कराराचे तिने छोट्या छोट्या स्क्रीनमध्ये रूपांतर केले. प्रत्येक स्क्रीनवर एक सोपा प्रश्न आणि खाली एक हिरवे बटण: पुढे.

चाचणीसाठी आमच्याच वस्तीतले ज्येष्ठ नागरिक बोलावले गेले. वस्तीच्या सभागृहात चटया अंथरल्या, प्रत्येकाच्या हाती एक टॅब दिला आणि शेवटच्या स्क्रीनपर्यंत पोहोचणाऱ्याला खाऊचा पुडा ठेवला. त्यात केळीच्या पानातला चिकट भात आणि तळलेली भाजीची सुरळी होती. सगळे शेवटपर्यंत पोहोचले. एकही जण मध्ये अडला नाही, एकानेही प्रश्न विचारला नाही. कंपनीत आनंदीआनंद झाला.

मी मात्र दानास्त्रीला बाजूला घेऊन सांगितले, की या निष्कर्षाला काडीची किंमत नाही. ही सोलोची माणसे आहेत. समोर कुणाची मुलगी एवढी नटूनथटून बसली असता तिने दिलेले बटण न दाबणे म्हणजे तिच्या घरचा चहा नाकारण्यासारखे आहे. त्यांनी वाचले नाही. त्यांनी मान राखला. तिने विचारले, मग सोलोत असा कोण आहे, की जो मान राखण्यासाठी हो म्हणत नाही? उत्तर माझ्या मुद्रेनेच दिले असावे.

"ठीक आहे," ती म्हणाली. "मंगळवारी तुम्हीच बघा. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

मी प्रसन्न झालो. इथे हे नमूद केले पाहिजे, की चाचणी करणाऱ्याने खोटे नाव आणि खोटा पत्ता घालावयाचा असतो. कंपनीतली मुले 'श्री. आंबा' किंवा 'बू भोपळा', म्हणजे भोपळाबाई, अशी नावे घालतात. मला ते कधीच रुचले नाही. रिकाम्या जागेत आपण जे लिहितो ते आपले विधान असते, आणि असत्य विधान चाचणीसाठी केले म्हणून सत्य होत नाही. तेव्हा मी स्वच्छ लिहिले: रेक्सोदिपुरो, जेब्रेस, सोलो.

तेवढ्यात माझा फोन किणकिणला. दानास्त्री बाहेरगावी एका बैठकीला गेली होती आणि तिथून तिचा संदेश आला होता. संदेशात एकच शब्द होता: 'पाक'. क्रियापदावाचून नुसत्या हाकेला मी उत्तर देत नाही, हे ती जाणते. फोन आणखी काही वेळा किणकिणला. मी तो उलटा ठेवला आणि कामाला लागलो.

पहिल्या स्क्रीनने विचारले, थंड हवा आवडते का? आवडते. पुढे. पहाटे पक्ष्यांचा आवाज ऐकू यावा असे वाटते का? माझ्या घरी पर्कुतुत जातीचा होला आहे. देमांग हे त्याचे नाव, आणि रोज पहाटे त्याचा पिंजरा उंच काठीवर चढविल्याशिवाय मी तोंडात पाणी घालत नाही. तेव्हा हो. पुढे. जिने नसलेले बरे वाटते का? या प्रश्नातला कर्ता हरवला होता. मी तशी टीप केली. पुढे. रात्री हाकेच्या अंतरावर कुणी असावे का? 'असावे का' आणि 'असलेले बरे' यांत भेद आहे, टीप केली. पुढे. एका स्क्रीनवर नुसते उगवत्या सूर्याचे चित्र आणि 'नवी सुरुवात करू या?' एवढेच होते. कोण करणार, कशाची, कोठून, यांपैकी कशाचाही उलगडा नव्हता. मी लिहिले, 'अर्थशून्य, परंतु निरुपद्रवी', आणि पुढे गेलो. शेवटी 'तुमचे स्वागत आहे' असे आले. तिथल्या उद्गारचिन्हाला मी काट मारली.

टिपांचा कागद भरला होता. कित्येक दिवसांत इतके समाधान मला लाभले नव्हते.

संध्याकाळी घरी परतल्यावर मी दानास्त्रीचे संदेश वाचले. 'पाक'च्या खाली 'ते अ‍ॅप', त्याखाली 'आजपासून', त्याखाली 'निवासाला जोडलंय', त्याखाली 'म्हणून', आणि सर्वांत शेवटी 'खरं नाव घालू नका' असे होते. चाचणी इतकी यशस्वी झाली होती, की त्यांनी ते ठरल्यापेक्षा आधीच चालू केले होते, आणि त्यात भरलेले प्रत्येक नाव आता खऱ्या प्रवेशाचे ठरत होते. तिने हेच एका वाक्यात लिहिले असते, तर मी ते वाचले असते; पण तुकडे पाडण्याची सवय माणसाला घाईतही सोडत नाही. मी देमांगचा पिंजरा खाली उतरवला, झाकला, आणि स्वतःशी म्हणालो, की यंत्राची चूक माणूस दुरुस्त करील.

दुसऱ्याच दिवशी सकाळी तो माणूस आला. ती एक बाई होती: निवासाच्या व्यवस्थापक बू वेनिंग. अंगात फिकट जांभळे केबाया पोलके, खांद्यावर ओढणी, केसांत एक साधी पिन, हाती फळांची परडी, आणि बोलणे राजवाड्याच्या अंगणात वाढलेल्या माणसाचे. बू वेनिंग यांनी आयुष्यात कधी असा प्रश्न विचारला नसेल, की ज्याला 'नाही' हे उत्तर असू शकते. त्यांनी मला निवासात राहायला या, असे म्हटलेच नाही. त्या म्हणाल्या, की आपल्यासारख्या विद्वान माणसाने आमच्या बागेतल्या फलकांवरची भाषा एकदा डोळ्यांखालून घातली तर आमच्यावर उपकार होतील. मी म्हणालो, केव्हातरी. सोलोत 'केव्हातरी' म्हणजे कधीच नाही, हे प्रत्येकाला कळते. बू वेनिंग यांनाही ते कळले. म्हणून त्या म्हणाल्या, की योगायोगाने गाडी बाहेरच उभी आहे.

मी म्हणालो, इंग्गिह.

आमच्याकडे 'इंग्गिह' हा शब्द समोरच्याचे बोलणे पोहोचले, हे कळविण्यासाठी असतो. ते पटले की नाही, हा प्रश्न त्या शब्दाच्या पोटात येत नाही. तो पुढे कधीतरी, इतरांकरवी, हळूच सोडविला जातो. या पद्धतीने आमची लग्ने होतात, भांडणे मिटतात आणि घरे शाबूत राहतात. परंतु तिच्यात एक न्यून आहे: दोन्ही बाजूंना सवड असावी लागते. बू वेनिंग यांना सवड नव्हती.

मी फलक पाहिले. मग चहा झाला. मग सहजच एक खोली पाहिली. तिच्या खिडकीतून लावूचा माथा दिसत होता, आणि मी ते बोलून दाखविले, कारण दिसत होता. पुढल्या खेपेला फलकांच्या दुरुस्तीसाठी मला माझे शब्दकोश लागले, ते एका पेटीतून वर गेले. शब्दकोश असलेल्या जागी एक रात्र काढणे ओघानेच आले. मग बू वेनिंग म्हणाल्या, की आपल्या पक्ष्याला हवापालट मानवेल. देमांग वर आला. तिथली व्हरांड्यातली काठी माझ्या घरच्या काठीपेक्षा उंच होती, आणि तो अधर्मी पक्षी पहिल्याच पहाटे असा घुमला, की शेजारच्या खोलीतले निवृत्त न्यायाधीश पाक जात्मिको डोळे मिटून ऐकत उभे राहिले.

एवढे सारे होईपर्यंत मी कुठेही गेलो नव्हतो, असे माझे प्रामाणिक मत होते. मी फलक पाहिले होते, चहा घेतला होता, शब्दकोश पाठविले होते. सगळ्या स्क्रीन स्वतंत्रपणे निर्दोष होत्या. दारावर पितळी पाटीवर माझे नाव लागलेले दिसले, तेव्हा मात्र मला पोते दिसले.

त्या दिवशी दुपारी दानास्त्री वर आली. ती खुर्चीत बसली, खिडकीतून डोंगराकडे पाहिले आणि म्हणाली, "हवा छान आहे, पाक."

मी विचारले, "हे तू केलंस?"

"नाही."

"मग उलटवत का नाहीस? तुझंच यंत्र आहे."

तिने बराच वेळ पिशवीच्या बंदाला पीळ घातला. मग म्हणाली, "केलं नाही. पण उलटवायची घाईही केली नाही."

मी तिला म्हणालो, की ही सबब वकिलाला शोभेल, मुलीला नाही; मला घरातून हलवायचे तिच्या मनात होते, तर तिने मला विचारायला हवे होते, सरळ, एका वाक्यात.

"विचारलं असतं, तर तुम्ही तासभर बोलला असतात, आणि शेवटी मीच माफी मागून आले असते," ती म्हणाली. "नेहमी तसंच होतं. आणि तुम्ही तरी मला सरळ सांगता का? न्हाणीघरात पडलात, ते मला शेजारच्या बू तार्मींकडून कळलं. काठीवर पिंजरा दिसला नाही म्हणून त्या तुमच्याकडे धावल्या."

"मी तुला सांगितलं होतं. त्याच आठवड्यात. फोनवर."

"सांगितलंत. जांभाला मोहोर आला, त्यावर मुंग्या चढल्या, म्हणून तुम्ही पाणी मारायला गेलात, आणि जरी फरशी ओली असली तरी... तिथे कुठेतरी तुम्ही पडलात, पाक. मी मुंग्यांपाशीच ऐकायची थांबले होते."

या आरोपाला माझ्याजवळ उत्तर होते. परंतु ते लांब होते.

मी विषय बदलला आणि तिला विचारले, की अ‍ॅपमधून बाहेर पडण्याची स्क्रीन कुठे आहे. ती नव्हती. निवासाने प्रवेशाचे काम दिले होते, निर्गमनाचे दिले नव्हते. आत येण्याची वाट तिने लोण्यासारखी केली होती, आणि बाहेर जाण्याची वाट मूळ करारात, कुणी हात न लावलेली, जशीच्या तशी पडून होती.

"एक वाक्य होतं त्याबद्दल," ती म्हणाली. "ते तुटेना. जिथे तोडावं तिथे अर्थ बदलायचा. म्हणून तळाशी 'इतर माहिती'मध्ये टाकून दिलं."

"तिथे कोण जातं?"

"कुणी नाही."

मी मूळ करार मागितला. तिने फोनवरून तो मागवला, बू वेनिंग यांच्या कचेरीत छापून आणला आणि निघून गेली.

मी तो व्हरांड्यात बसून वाचला. देमांग वर घुमत होता. करार ज्याने लिहिला, त्या वकिलाचे नाव कुठेही नव्हते; तो आता हयात आहे की नाही, हेही मला ठाऊक नाही; परंतु कुणाला तरी विचाराचे सांधे ठाऊक होते, याची साक्ष पानापानावर होती. आणि कराराच्या उत्तरार्धात ते वाक्य होते:

'ज्या रहिवाशाने स्वेच्छेने प्रवेश स्वीकारला असेल, त्याचा निश्चय, मग तो कोणत्याही मार्गाने नोंदविलेला असो, त्याच्या स्वागताच्या स्लामेतानमध्ये त्याने स्वहस्ते भाताचे शिखर कापीपर्यंत अपूर्ण समजला जाईल, आणि तत्पूर्वी, जमलेल्या रहिवाशांसमक्ष, स्वमुखाने, संदिग्धता न ठेवता त्याने आपली अनिच्छा सांगितल्यास, त्याचे सामान, त्याचे पक्षी आणि त्याचा मान यांसह त्यास त्याच्या पूर्वीच्या घरी पोहोचविण्याची जबाबदारी निवासाची राहील, जरी तोपर्यंत स्वयंपाक झालेला असला तरी.'

मी ते पुन्हा पुन्हा वाचले, केवळ आनंदासाठी. 'जरी तोपर्यंत स्वयंपाक झालेला असला तरी' हा वाक्यांश लिहिणाऱ्याला आमच्या माणसांची नाडी अचूक सापडली होती. एकदा भात शिजला, की आमच्याकडे कुणी उठून जात नाही.

माझे स्लामेतान, म्हणजे स्वागताचे सामुदायिक जेवण, दुसऱ्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी होते. स्वयंपाकघरातून हळदीचा वास येऊ लागला होता.

गुरुवारी दुपारी मी माझे निवेदन तयार केले. अभ्यागताने यजमानांचा अवमान न करता, त्यांच्या आदरातिथ्याचा यथायोग्य गौरव करीत, स्वतःच्या मर्यादा पुढे करून, अखेरीस आपली अनिच्छा सूचित करावी, असा आमच्या जुन्या गद्याचा दंडक आहे. मी एकच वाक्य रचले. त्यात लावूचा माथा होता, बू वेनिंग यांची फळे होती, पाक जात्मिको यांचा कान होता, माझी दिवंगत पत्नी होती, जेब्रेसचे घर होते, आणि शेवटी, तीन 'यद्यपि' ओलांडल्यावर, अशी विनंती होती, की हा पाहुणा पाहुणाच राहावा. आयुष्यात याहून चांगले वाक्य मी लिहिले नव्हते.

संध्याकाळी मोठ्या दिवाणखान्यात चटया पसरल्या. मधोमध पिवळ्या भाताचा सुळका, भोवती अख्खी कोंबडी, उकडलेली अंडी आणि नारळात कालवलेल्या भाज्या होत्या. रहिवासी मांडी घालून गोलात बसले. ज्यांना मांडी जमत नव्हती ते खुर्च्यांवर बसले. दानास्त्री आली होती. ती स्वयंपाकघराच्या दाराशी, वाढणाऱ्या बायकांत, पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. बू वेनिंग यांनी मला बोलण्याची विनंती केली.

मी उठलो आणि आरंभ केला.

आता, स्लामेतानमध्ये यजमान उच्च भाषेत बोलतो आणि प्रत्येक विरामाला जमलेले लोक एका सुरात 'इंग्गिह' म्हणतात, ही रीत मला लहानपणापासून ठाऊक आहे. तीच रीत माझ्या वाक्याचे काय करील, याचा विचार मात्र मी केला नव्हता. मी म्हणालो, ज्या पर्वताच्या सावलीत... सगळे म्हणाले, इंग्गिह. ज्यांच्या फळांच्या गोडीने... इंग्गिह. यद्यपि या वृद्ध जिवाला... निषिद्ध शब्दावर बू वेनिंग यांची पापणी किंचित लवली, पण इंग्गिह. माझा प्रत्येक स्वल्पविराम ती मंडळी प्रेमाने झेलीत होती आणि त्याचा पूर्णविराम करीत होती. माझ्या त्या अखंड वाक्याचे त्यांनी माझ्या डोळ्यांसमोर तुकडे केले, आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे स्तुतीचा होता. शेवटची विनंती बाहेर पडेपर्यंत माझा श्वास संपत आला होता. 'पाहुणाच राहावा' यातले त्यांनी 'राहावा' तेवढे ऐकले, आणि सर्वांत मोठा इंग्गिह त्यालाच मिळाला.

बू वेनिंग यांनी ओढणीच्या टोकाने डोळे टिपले. पाक जात्मिको म्हणाले, की इतके सुंदर स्वीकाराचे भाषण त्यांनी न्यायालयातही ऐकले नव्हते. कुणीतरी माझ्या हातात सुरी दिली.

भाताचे शिखर माझ्यापासून हातभर अंतरावर होते. सगळे माझ्याकडे पाहत होते, भूक लागलेल्या माणसांच्या मायेने. मी पुन्हा बोलायला तोंड उघडले, आणि मला जाणवले, की माझ्याजवळ जे दुसरे वाक्य आहे ते पहिल्यापेक्षाही लांब आहे. मी सुरी भाताकडे नेली, कारण ती तशीच धरून उभे राहणे अशिष्ट दिसले असते.

दाराशी दानास्त्री उभी राहिली.

वडीलधाऱ्यांच्या स्लामेतानमध्ये वाढणाऱ्या बायकांतून कुणी बोलत नाही. तिला ते ठाऊक होते. तिचे कान लाल झालेले मला इथून दिसत होते. ती नम्रपणे वाकली आणि म्हणाली, "माझ्या वडिलांच्या वतीने. पाक आपले आभारी आहेत."

"इंग्गिह," सगळे म्हणाले.

"पाकना ही खोली आवडली."

"इंग्गिह."

"पाकना आपण सगळे आवडलात."

"इंग्गिह."

"पाकना इथे राहायचं नाही."

"इंग्गिह," सगळे म्हणाले, आणि मग काय म्हटले ते त्यांच्या लक्षात आले.

म्हटलेला इंग्गिह परत घेण्याची सोय आमच्या भाषेत नाही. बू वेनिंग यांनी डोळ्यांवरची ओढणी खाली घेतली. मग, आपण कुणाच्याही बाजूच्या नसून केवळ रीतीच्या आहोत, अशा आवाजात त्या म्हणाल्या, "करारात बहुधा असं आहे, की पाक रेक्सो यांनी स्वतः सांगायला हवं." म्हणजे त्यांनीही ते वाक्य वाचले होते. माझ्या मनातला त्यांच्याविषयीचा आदर त्या क्षणी दुप्पट झाला.

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. दानास्त्री माझ्याकडे पाहत होती. ज्या निवासासाठी तिची कंपनी राबली, त्याच निवासाच्या दिवाणखान्यात ती उभी होती. आणि मी गप्प राहिलो असतो, तर तिची रात्रीची झोप सोपी झाली असती.

"पाक," ती म्हणाली. "एक स्क्रीन. एकच गोष्ट."

मी सुरी खाली ठेवली.

"मी घरी जातो," मी म्हणालो.

तिथे पूर्णविराम होता. त्यानंतर 'परंतु' असे काहीतरी माझ्या जिभेवर आले. दानास्त्रीने डोळे मोठे केले आणि मी ते गिळले.

"इंग्गिह," पाक जात्मिको म्हणाले, एकटेच. आणि मग, भात शिजलेलाच होता म्हणून, त्यांनी माझ्या जागी सरकून शिखर कापले आणि पहिला वाटा मला दिला. देमांगच्या जाण्याचे त्यांना माझ्या जाण्यापेक्षा अधिक वाईट वाटले, असे मला वाटते. करारातल्या शब्दांप्रमाणे माझे सामान, माझा पक्षी आणि माझा मान बू वेनिंग यांनी स्वतः गाडीपर्यंत पोहोचविला. मानाबरोबर भाताचे पुडेही दिले.

गाडी दानास्त्री चालवीत होती. पिंजरा माझ्या मांडीवर होता. उतार लागल्यावर मी तिला म्हणालो, की तिचे भाषण परिणामकारक होते, परंतु 'खोली आवडली' आणि 'राहायचे नाही' यांच्यामध्ये एक 'जरी' हवा होता. तो नसल्यामुळे मी लहरी ठरलो.

"हो, पाक," ती म्हणाली. मग तिने एक वळण घेतले. "न्हाणीघरात भिंतीला दांडा बसवू?"

"बसव."

"फरशी खरखरीत घालू?"

"घाल."

"एक किल्ली माझ्याकडे राहू दे?"

"असू दे."

"रविवारी मी मुक्कामाला आले तर चालेल?"

मी 'चालेल' म्हणणारच होतो. मग मी पिंजऱ्यावरचे कापड नीट केले आणि समोरच्या रस्त्याकडे पाहिले.

"न्दुक," मी म्हणालो, "या किती स्क्रीन आहेत?"

ती हसली नाही. तिने गाडी हळू केली.

"पोतं दाखव," मी म्हणालो. "सगळं एकदम. मग सांगतो."

मग तिने सुरुवात केली, आणि ती थांबलीच नाही. पलूरच्या पुलापर्यंत ते एकच वाक्य चालू होते, कारण बू तार्मींचा फोन आला तेव्हा ती एका बैठकीत लोकांना सोपेपणा शिकवीत होती, आणि जरी तिला ताबडतोब निघता आले असते तरी तिने आधी ती बैठक संपविली, म्हणून वाटेत तिला सारखे वाटत राहिले की आपण पोहोचेपर्यंत जर काही झाले असते तर, आणि मी दारात देमांगला दाणे घालताना दिसलो तेव्हा पडण्याविषयी काही न विचारताच ती परतली, आणि तेव्हापासून रोज पहाटे जाग आली की ती बू तार्मींना विचारते, काठीवर पिंजरा आहे का, पण हे मला सांगायचे कसे ते तिला कळत नाही, कारण जिथून तोडावे तिथे ते दुसरेच काही होते.

त्या वाक्यात दोष होते. पुलावर दिवे लागलेले होते आणि देमांग झोपेत हलला. मी शेवटपर्यंत ऐकले होते, मधले काहीही न गाळता.

"इंग्गिह," मी म्हणालो.

दोषांची टीप मी मंगळवारी दिली.